पडण्यासाठी बांधलेलं यंत्र

शर्यतीच्या क्वाडकॉप्टरची एक बॅटरी तीन-चार मिनिटं चालते. नवशिक्याच्या हातात तेवढीही चालत नाही, कारण तोवर यान झाडात, चिखलात किंवा शर्यतीत ज्यातून जायचं त्या गेटच्या खांबावर जाऊन बसलेलं असतं. या खेळात आदळणं गृहीतच धरलेलं आहे. जगज्जेतेही आदळतात, आणि त्यांचा वेग जास्त असल्यामुळे जरा जोरातच आदळतात. लग्नात डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या कॅमेरा-ड्रोनचा हिशोब इथे लागू पडत नाही. तो खोक्यातून तयार निघतो, पडला तर सर्व्हिस सेंटरला जातो आणि सावकाश परत येतो. शर्यतीचं यान दर वेळी असं पाठवत बसलं तर वर्षातून चार रविवारच उडवता येईल. म्हणून ते घरी बांधायचं. ज्याने यान स्वतः बांधलेलं नाही तो फार दिवस ते उडवत नाही, असं माझं मत आहे.

बांधायला बसण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. हे यंत्र मुळात उडायला राजी नसतं. चार पंख्यांचं यान ही कल्पना शंभर वर्षांची आहे. डिसेंबर १९२२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन इथल्या लष्करी मैदानावर जॉर्ज द बोथेझाट यांचं अवाढव्य चौपंखी यान जमिनीपासून काही फूट वर तरंगलं. फ्रान्समध्ये एतिएन एमिशेन यांनी ४ मे १९२४ रोजी आपलं यान एक किलोमीटरच्या बंद फेऱ्यावर फिरवून आणलं. हेलिकॉप्टरच्या जातीच्या यंत्राने असा फेरा तोवर पुरा केला नव्हता. तरीही दोन्ही वाटा तिथेच थांबल्या. यंत्रणा किचकट होती आणि चालकावर पडणारा भार प्रचंड होता. चारांपैकी एका बाजूचा जोर जरा कमी पडला की यान कलतं, कललं की त्या बाजूला घसरतं, आणि ते सावरायला माणसाचे हात पुरे पडत नाहीत. आपल्या वीतभर यानाच्या बाबतीत तर पापणी लवायच्या आत ते उलटं झालेलं असतं.

उत्तर आलं ते खेळण्यांच्या दुकानातून. २००९ मध्ये निन्टेन्डोने आपल्या 'वी' या व्हिडिओगेमच्या रिमोटला जोडण्यासाठी एक छोटा डबा बाजारात आणला. त्यात फिरण्याचा वेग मोजणारे गायरो होते. हौशी लोकांनी तो डबा फोडला, आतला गायरो काढून आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडला आणि त्यासाठी 'मल्टीवी' नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. पुढे स्मार्टफोनमुळे असे गायरो चण्याफुटाण्यांच्या भावात मिळू लागले. मल्टीवीपासून बेसफ्लाइट, त्यापासून २०१४ मध्ये क्लीनफ्लाइट आणि त्यापासून बीटाफ्लाइट अशी ही वंशावळ. आज शर्यतीतली बहुतेक यानं बीटाफ्लाइटवर उडतात. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि तो बहुतांशी हौशी लोकांनी फावल्या वेळात लिहिलेला आहे. लष्कराला पैसे ओतून जे जमलं नाही ते गेम खेळणाऱ्या पोरांनी केलं, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

हा गायरो यानाचा कोन मोजत नाही. यान कुठल्या अक्षाभोवती सेकंदाला किती अंश फिरतंय, एवढंच तो सांगतो. फ्लाइट कंट्रोलर नावाचा बोर्ड हे मोजमाप सेकंदाला ८,००० वेळांपर्यंत घेतो, तुमच्या हातातल्या रेडिओ-रिमोटच्या स्टिकने काय मागितलंय ते पाहतो आणि चार मोटरींचे वेग बदलतो. हेलिकॉप्टरप्रमाणे पात्यांचा कोन बदलायची सोय इथे नाही, विमानासारखं सुकाणूही नाही. चार वेगांवरच सगळा कारभार चालतो. डावीकडच्या दोन मोटरी वाढवल्या की यान उजवीकडे कलतं, मागच्या दोन वाढवल्या की नाक खाली जातं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन मोटरी एका दिशेने फिरतात, उरलेल्या दोन उलट दिशेने, म्हणून त्यांचा पीळ एकमेकांना मारतो. तो पीळ मुद्दाम थोडा बिघडवला, म्हणजे एक जोडी वाढवून दुसरी उतरवली, की यान जागच्या जागी गिरकी घेतं.

वेग किती बदलायचा हे ठरवतं ते पीआयडी नावाचं गणित. पी आत्ताची चूक पाहून जोर लावतं. आय रेंगाळलेल्या चुकीचा हिशोब ठेवतं, उदाहरणार्थ बॅटरी थोडी मागे बांधली गेली असेल तर. डी हे ब्रेकचं काम करतं. चूक झपाट्याने आवरत आली की ते जोर सोडायला लावतं, नाहीतर यान पलीकडे जाऊन डुलत बसेल. नवशिक्याने या आकड्यांना हात लावू नये. बीटाफ्लाइटमध्ये मुळात भरलेले आकडे आता इतके चांगले असतात की यान थरथरत असेल तर दोष बहुधा लोखंडात किंवा प्लॅस्टिकमध्ये असतो. डी जितकं कंपनं मोठी करून पाहतं तितक्या मोटरी तापतात. त्यामुळे आधी पंखे बदलावेत, मग मोटर बोटाने फिरवून बेअरिंग खरखरतंय का ते पाहावं, मग स्क्रू आवळावेत. एवढं करून थरथर उरली तर मग आकड्यांकडे वळायचं.

आता बांधणी. सुरुवातीला घ्यायचं ते पाच इंची यान, म्हणजे पाच इंच व्यासाच्या पंख्यांचं. कार्बन फायबरची फ्रेम, तिरप्या मापाने साधारण २२० मिलिमीटर. फ्रेम निवडताना दिसण्यापेक्षा एक हात मोडल्यावर तेवढाच बदलता येतो का, हे पाहा. मोटरीवर २२०७ असा आकडा असेल तर आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांचा गाभा २२ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर उंच आहे, असा त्याचा अर्थ. दुसरा आकडा केव्ही. एका व्होल्टला मोटर रिकामी किती फेरे घेते ते तो सांगतो. १,९०० केव्हीच्या मोटरीला सहा सेलची, पूर्ण भरलेली २५.२ व्होल्टची बॅटरी लावली तर कागदावर मिनिटाला जवळजवळ ४८,००० फेरे होतात. पंखा चढवला की हवा त्यातले बरेच खाते. अशी एक मोटर दीड किलोच्या आसपास ओझं उचलू शकते आणि बॅटरीसह सगळं यान साडेसहाशे ग्रॅमच्या घरात असतं. वजनाच्या आठ-नऊ पट जोर पाठीशी असलेलं वाहन माणसाला एरवी चालवायला मिळत नाही.

सुटे भाग भारतात मिळवण्यात कायद्याची एक गंमत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, जुळणीच्या अर्धवट किंवा पूर्ण सुट्या संचांवरही घातली. संरक्षण, संशोधन अशा कामांना तेवढी सूट ठेवली. सुट्या घटकांची आयात मात्र मोकळी राहिली. मोटर, बोर्ड, फ्रेम वेगवेगळी घेऊन घरी बांधणारा हौशी माणूस असा सरकारी धोरणाच्या बाजूने आपोआप जाऊन पोचला. शर्यतीचे भाग खास ऑनलाइन दुकानांतून येतात. पण वायर, फ्लक्स, कनेक्टर, कपॅसिटर, मल्टीमीटर यांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली पुरेशी आहे, आणि तिथला जुना दुकानदार फुकट सल्लाही देतो.

खरं काम सोल्डरिंगचं. चार मोटरींच्या प्रत्येकी तीन वायरी, बॅटरीच्या दोन जाड वायरी, कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर आणि रिसीव्हर. बॅटरीचा जोड सगळ्यात अवघड. बोर्डाच्या आतला तांब्याचा पत्रा उष्णता शोषून घेतो आणि २५ वॉटचं आयर्न त्यापुढे हतबल होतं. वरून चकचकीत दिसणारा, आतून न धरलेला जोड तयार होतो. रिपेअरवाले त्यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटरी पूर्ण जोरात असताना, हे यान शंभर अँपिअरच्या वर ओढू शकतं, आणि असा जोड नेमका त्या वेळी सुटतो. किमान ६० वॉटचं, तापमान राखणारं आयर्न घ्या, टोक रुंद ठेवा, फ्लक्स सढळ हाताने लावा. पॅड आणि वायर आधी वेगवेगळी सोल्डरने भिजवून घ्या, मग एकत्र आणा. गार होईपर्यंत हात हलवू नका. बॅटरीच्या जोडावर एक मोठा कपॅसिटर लावायचा असतो. मोटरी एकदम मंदावल्या की व्होल्टेजचे जे झटके उलट येतात ते तो गिळतो. तो महागडा बोर्ड वाचवतो, तरी लोक तो गाळतात, हे मला कोडंच आहे.

सगळं जोडलं की पहिल्यांदा बॅटरी लावण्याचा क्षण येतो. त्याआधी मल्टीमीटर बीपवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. सतत बीप वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे. वाजला नाही तरी थेट बॅटरी लावू नका. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन संशयास्पद उपकरण सिरीज बल्बवर तपासतात, तीच युक्ती इथे चालते. बॅटरी आणि यान यांच्यामध्ये एका वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब घाला: चार सेलच्या बॅटरीला १२ व्होल्टचा, सहा सेलच्या बॅटरीला ट्रकचा २४ व्होल्टचा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर यानात शॉर्ट आहे आणि बल्बने तुमचे काही हजार रुपये वाचवलेत. परदेशी हौशी यासाठी खास साधन विकत घेतात. ते घ्यायला हरकत नाही, पण काम तेच आहे.

मोटरी बरोबर दिशेने फिरतात का, हे कॉम्प्युटरला जोडून पाहताना पंखे चढवायचे नाहीत. ते मैदानावर, सगळ्यात शेवटी चढवायचे. घरात, टेबलावर, 'फक्त एकदा बघू' म्हणून चढवलेले पंखे बोटांची काय अवस्था करतात ते डॉक्टरांना विचारा. लिथियम पॉलिमर बॅटरीचंही तसंच. एक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये, उडवताना साडेतीन व्होल्टच्या आसपास उतरावं, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी. चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नये. फुगलेली किंवा आपटून दबलेली बॅटरी जपून ठेवण्यात काटकसर नाही, घराला आग लावण्याची तयारी आहे.

यान उडवायचं ते डोळ्यांवर गॉगल चढवून, यानाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याच्या नजरेने. इथे चित्राच्या स्पष्टतेपेक्षा त्याचा उशीर महत्त्वाचा. ताशी १०० किलोमीटरला यान सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातं. चित्र सेकंदाच्या तीन शतांश भागाइतकं उशिरा आलं तर तुम्हाला दिसतोय तो खांब प्रत्यक्षात पाऊण मीटरहून अधिक जवळ आलेला असतो. म्हणून देखणी डिजिटल यंत्रणा बाजारात आल्यावरही शर्यतवाले बराच काळ जुन्या ॲनालॉगला चिकटून राहिले. ॲनालॉगचं चित्र धूसर होतं, मुंग्या येतात, पण ते हळूहळू मरतं. डिजिटल चित्र गोठलं तर तुम्ही आंधळे होता, तेही ऐन वळणावर.

आणि आता शिकणं. रेडिओच्या डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि गिरकी, उजवीवर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडचा कल. कॅमेरा-ड्रोनवरून आलेल्याला पहिला धक्का बसतो तो इथे. त्या ड्रोनची स्टिक सोडली की तो आपोआप सपाट होऊन थांबतो. शर्यतीचं यान ॲक्रो मोडमध्ये उडतं, आणि ॲक्रोत स्टिक ही कोनाची नाही, फिरण्याच्या वेगाची आज्ञा असते. स्टिक मध्यावर आणली की यान फिरायचं थांबतं आणि ज्या कलावर असेल त्याच कलावर राहतं. सपाट करायचं असेल तर उलट स्टिक मारून तुम्हीच करायचं. गायरो काय मोजतो ते वर सांगितलं, ते नीट पटलेलं असेल तर हा मोड शिकवावा लागत नाही. तो त्या यंत्राचा स्वभावच आहे. दुसरी अडचण कॅमेऱ्याची. वेगात जाताना यान पुढे झुकतं, म्हणून कॅमेरा वरच्या बाजूला कलता बसवतात. शर्यतवाले तो ४० अंशांच्याही वर नेतात. एवढ्या कोनावर जागच्या जागी तरंगायला गेलं तर समोर नुसतं आकाश दिसतं, म्हणजे कॅमेराच तुम्हाला थांबू देत नाही. सुरुवात २० अंशांवर करा.

हे सगळं आधी सिम्युलेटरमध्ये करायचं. व्हेलोसिड्रोन, लिफ्टऑफ असे प्रोग्रॅम आहेत. खरा रेडिओ यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचा आणि आपटायचं. पंधरा-वीस तास तरी काढा. गेम वाटून त्याला कमी लेखणाऱ्यांसाठी एक माहिती देतो. झुरिक विद्यापीठाच्या गटाने 'स्विफ्ट' नावाचं स्वयंचलित शर्यतीचं यान तयार केलं. त्याने ॲलेक्स व्हॅनओव्हर, थॉमस बिटमाटा आणि मार्विन शेपर या तीन नावाजलेल्या पायलटांशी २५ शर्यती लावल्या आणि १५ जिंकल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. स्विफ्टचं शिक्षण मुख्यतः सिम्युलेटरमध्येच झालं होतं. आणि स्विफ्टचा प्रोग्रॅम यानाला देत होता त्या आज्ञाही पायलटाच्या स्टिकसारख्याच: एकूण जोर किती आणि कुठल्या अक्षाभोवती किती वेगाने फिरायचं. एका बाबतीत मात्र माणसं सरस ठरली. पूर्ण वेगात आदळूनही यान शाबूत असेल तर ती उठतात आणि शर्यत पुरी करतात. स्विफ्टला आदळल्यानंतर काय करायचं हे शिकवलेलंच नव्हतं.

हा खेळ अजून कोवळा आहे. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या आर्गोने गावच्या हौशी मंडळींनी झाडाझाडांतून लावलेल्या शर्यतीचा व्हिडिओ जगभर फिरला. जुलै २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला अमेरिकेची राष्ट्रीय म्हणवली गेलेली स्पर्धा झाली आणि ती जिंकली ऑस्ट्रेलियाच्या चॅड नोवाकने. मार्च २०१६ मध्ये दुबईत अडीच लाख डॉलरचं पहिलं बक्षीस ब्रिटनच्या ल्यूक बॅनिस्टरच्या संघाने नेलं. त्याचं वय १५. २०१८ मध्ये चीनमधल्या शेंझेनला एफएआय या जागतिक हवाई क्रीडा महासंघाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिचा विजेता रूडी ब्राउनिंगही शाळकरी वयाचाच. कोवळ्या वयाची बोटं लवकर शिकतात हे खरं. पण चाळिशीच्या माणसाने रविवारी सकाळी मैदानावर जाण्याला त्यामुळे काही बाधा येत नाही.

मैदानाबद्दल मात्र चोखंदळ असावं. साडेसहाशे ग्रॅमचं यान ताशी १२० किलोमीटरला जी ऊर्जा घेऊन जातं, ती ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या तिप्पट भरते, आणि वर चार फिरती पाती. म्हणून सोसायटीचं पार्किंग, शाळेचं पटांगण, समुद्रकिनारा ही ठिकाणं सुटीच्या दिवशी बाद. पीक निघालेलं मोकळं शेत उत्तम, मालकाला विचारून. संक्रांतीच्या सुमारास झाडांवर अडकलेला मांजा मोटरीत गुंडाळला जातो, तो बघून घ्या. जून ते सप्टेंबर पाऊस उडू देत नाही. तेव्हा सिम्युलेटर आणि सोल्डरिंग. गॉगल घातलेल्याला आजूबाजूचं काही दिसत नाही, तेव्हा यानावर आणि आभाळावर नजर ठेवणारा एक जोडीदार शेजारी हवाच. यान आदळलं की त्याच क्षणी मोटरी बंद करायच्या. अडकलेल्या मोटरीला वीज चालू राहिली तर ती जळते, आणि हा खर्च पूर्णपणे टाळता येण्यासारखा असतो.

कायदाही माहीत हवा. २५ ऑगस्ट २०२१ ला अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचं मायक्रो. आपलं पाच इंची यान मायक्रोत येतं. व्यापारी कामासाठी नसेल तर मायक्रो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण नोंदणीची अट पाहावी लागते आणि नकाशावरचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे पाळावे लागतात. हिरव्या पट्ट्यातही मर्यादा ४०० फुटांची आहे. शर्यतीला तिची झळ लागत नाही, कारण गेट डोक्याएवढ्या उंचीवर असतात. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे वेगळे आदेश काढतात. नियम बदलत असतात, म्हणून उडवण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा.

सुरुवात करायची असेल तर पैसे या क्रमाने खर्च करा. आधी चांगला रेडिओ आणि सिम्युलेटर. मग हातात मावणारं, एका सेलवर चालणारं, पंख्यांभोवती कडं असलेलं छोटं यान, जे दिवाणखान्यात भिंतीला आपटलं तरी पोपडाही उडत नाही. मग चांगलं सोल्डरिंग आयर्न. पाच इंचीची फ्रेम सगळ्यात शेवटी घ्या, आणि तिच्याबरोबर पंख्यांचे दहा संच तरी मागवा.